मेणाचे तीन ठिपके

आक्का,

आज अकरावा दिवस. तुमच्यात दहावं-तेरावं नसतं, हे मला ठाऊक आहे. तूच एकदा म्हणाली होतीस, "आमच्यात माणूस एकदाच मरतं, इंदे. तुमच्यासारखं हप्त्याहप्त्यानं नाही." तरी मी मोजतेय. सवय आहे, काय करू.

आणि बघ, कागद पुढं ओढला, पेन हातात घेतलं, आणि हसूच आलं. अगं, तुला लिहून काय उपयोग? तू चार वर्षांची असताना देवी आल्या, त्यानंतर एक अक्षर डोळ्यांनी पाहिलं नाहीस. म्हणजे हेही मलाच तुला वाचून दाखवावं लागणार. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलेय, डक्टची खिडकी उघडी टाकलीय, आणि एकेक ओळ लिहून झाली की मोठ्यानं म्हणतेय. आमचे हे मघाशी डोकावून गेले. "कोणाशी बोलतेस गं?" म्हणाले. मी म्हटलं, "खालच्या आक्काशी." ते चहाचा कप माझ्यापाशी ठेवून निघून गेले.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी निरोप धाडलाय, मार्थाबाईंवर, म्हणजे तुझ्यावर, चार शब्द लिहा. जन्म कुठं, शिक्षण कुठं, किती वर्षं गायल्या, सत्कार कुठं कुठं झाले. ते समू सांगेल, तुझा लेकच आहे तो. मी सातवी पास, तेही कसंबसं. मला तसलं लिहिता येत नाही. मला तुला एक गोष्ट सांगायचीय. दोन वर्षं झाली, सांगायची राहिलीय. तू होतीस तेव्हा रोज वाटायचं, आज सांगते, उद्या सांगते. आता तू नाहीस आणि ती गोष्ट माझ्या गळ्यात घास अडकावा तशी बसलीय. खाली जात नाही, वर येत नाही. तुझ्या कॅसेटींची गोष्ट आहे. पण एकदम नाही सांगता येत गं. आधी इकडचं तिकडचं बोलू दे. तुला माझी खोड ठाऊक आहे.

तुझा आवाज मी तुझ्याआधी पाहिला. हसू नकोस, मला तसंच वाटतं. कुवेतची लढाई संपून जेमतेम दोन वर्षं झाली असतील. बहारीनमधली, हूरातली ही बिल्डिंग, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर कोणी नवीन आलंय एवढंच नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, सांगून गेला होता. सकाळी मी कुकर लावून कणीक मळत होते आणि या डक्टमधून गाणं वर आलं. मराठी! आणि कसलं मराठी, जात्यावर बसल्यासारखं. माझे हात कणकेतच राहिले. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "कोण गातंय खाली?"

गाणं थांबलं. मग खालून आवाज आला, "मी गातेय. वर कुकर कोणी लावलाय? चार शिट्ट्या झाल्या, बाई. डाळ आहे का दगड शिजवतीयेस?"

मी गॅस बंद केला आणि तशीच, कणकेच्या हातानं, जिना उतरून खाली आले. तू दार उघडलंस आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "ये. पेणकडची ना?" मी चकित. म्हटलं, कशावरून? म्हणालीस, "एका ओरडण्यावरून. आम्ही पेणच्या जत्रेत दोनदा गायलोय. तिथल्या बायका हाक मारतात ती अशीच, समुद्रापलीकडं ऐकू जावी म्हणून." तेव्हा कुठं मी तुझ्या डोळ्यांकडं पाहिलं.

तू आणि दाविदमास्तर. मी मास्तरांना कधी पाहिलं नाही, तू इकडं येण्याच्या आदल्या वर्षीच ते गेले. पण तुझ्या तोंडून इतकं ऐकलंय की रस्त्यात भेटले असते तर ओळखले असते. अंधशाळेत तू वेताच्या खुर्च्या विणायला शिकत होतीस आणि ते तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढं, पेटी वाजवायचे. जन्मापासूनच आंधळे. तू म्हणायचीस, "त्यांना मी सांगायचे, आभाळ निळं असतं, मला थोडं थोडं आठवतंय. ते म्हणायचे, निळं म्हणजे कुठला सूर, ते सांग." लग्न झालं आणि दोघं निघालात. राहुरी, नेवासे, श्रीगोंदे, कुठं कुठं. एसटीच्या टपावर पेटी, तिची दोरी खिडकीतून आत मास्तरांच्या मनगटाला बांधलेली, पेटी पडली तर कळावं म्हणून. प्रभूची कीर्तनं, भजनं, जत्रेतल्या मांडवात, देवळाच्या आवारात, कुणाच्या खळ्यात. चाळीस वर्षं.

ती उलटं बसल्याची गोष्ट तू मला निदान वीस वेळा सांगितलीस आणि वीसही वेळा मी पोट धरून हसले. कुठल्याशा सभेत कार्यकर्त्यांनी घाईघाईत तुम्हाला स्टेजवर नेऊन बसवलं ते पडद्याकडं तोंड करून. तुम्ही अख्खं भजन पडद्याला ऐकवलंत. लोक गप्प, कोणाची सांगायची हिंमत होईना. शेवटी टाळ्या पाठीमागून आल्या तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. सावकाश वळले, पेटी वळवली, आणि म्हणाले, "मंडळी, आतापर्यंत देवासाठी गायलो. आता तुमच्यासाठी."

आणि तो प्रवचनकार! तू गात असताना मध्येच येऊन तुझ्या डोळ्यांवर हात ठेवून दृष्टी येऊ दे म्हणून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागला. तू त्याचा हात बाजूला केलास आणि म्हणालीस, "आधी कडवं संपू द्या, साहेब. डोळे काय, पन्नास वर्षं थांबलेत, अजून दोन मिनिटं थांबतील."

पण हसताहसता एकदा तू वेगळंच बोललीस तेही मला आठवतं. म्हणालीस, "इंदे, आम्हाला बोलवायचे ते आंधळे म्हणून. आंधळ्याला दृष्टी मिळाली, असली गाणीच म्हणा, असा हट्ट असायचा. लोक रडायचे. मास्तर चिडायचे. म्हणायचे, पत्रिकेत गायक एवढंच छापा, आंधळे आम्ही घरी असतो." आणि पुढं पुढं तर तेही उरलं नाही. की-बोर्डवाली पोरं आली, मोठे स्पीकर आले. तुम्हाला जेवणाच्या पंगती उठताना गायला बसवायचे. पत्रावळी गोळा करताना मागं कोणीतरी गातंय, एवढंच. त्या दिवशी मास्तर घरी येऊन पेटीवर कापड टाकत म्हणाले, आता हिला झोपू दे. ते सांगताना तुझा आवाज कसा झाला होता! आणि मी वेडी, तुला विचारलं, "तुझ्या देवानं डोळे नेले, नवरा नेला, गाणं ऐकणारी माणसं नेली. अजून त्याच्याच दारात गातेस?" तू म्हणालीस, "मग कोणाच्या दारात गाऊ? तुझ्या? तू तर कुकर लावून बसतेस."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. मिटायला पाहिजे होतं असंही नाही. पण अजून थोडं चालायला हवं होतं गं.

मास्तरांनी स्वतः बांधलेली गाणी एका वहीत होती. गावच्या एका मास्तरणीनं त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेली, साध्या शाईनं. म्हणजे ज्यांची गाणी त्या दोघांनाही वाचता येणार नाही अशी वही! मास्तर होते तोवर अडलं नाही, त्यांना सगळं तोंडपाठ. गाताना ते पुढची ओळ भराभर बोलून सांगायचे आणि तू ती सुरात उचलायचीस. ओळ सांगणं आणि ओळ उचलणं. चाळीस वर्षं तुमचं असंच चाललं. मास्तर गेले आणि साखरेनं तुझी आठवण पोखरली. चाल आठवायची, शब्द सुटायचे. मग एक दिवस तू ती वही माझ्या मांडीवर ठेवलीस. "तू सांग. मी उचलते."

आक्का, त्यांचं काम तू मला दिलंस. गाण्यातलं ओ का ठो न कळणाऱ्या बाईला. पहिल्या दिवशी मी ओळ सांगितली ती तुझ्या सुरावर जाऊन आदळली. तू म्हणालीस, "अगं, मला श्वास घेऊ दे की! मी श्वास घेते त्या फटीत तू बोलायचंस." महिनाभर लागला मला ती फट सापडायला. मग सापडली. शुक्रवारी सकाळी तुमच्या घरी प्रार्थना असायची, पाळकसाहेब यायचे, पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसायची, आणि तुझ्या शेजारी कपाळाला कुंकू लावलेली मी, हातात येशूच्या भजनांची वही. एकदा पाळकसाहेब गमतीनं म्हणाले, "इंदूताई, आता तुम्हीही बाप्तिस्मा घेऊन टाका." तू फटकन म्हणालीस, "नको. तिचा देव रागावला तर ती ओळ चुकेल."

समूनं तुला टेपरेकॉर्डर आणून दिला तेव्हा तू लहान पोरीसारखी खूश झाली होतीस. मी बटण दाबायची, ओळ सांगायची, तू गायचीस. अशा दहा कॅसेटी भरल्या, एक कोरी उरली. आणखी एक मात्र तू तिकडून घेऊन आलेली. मास्तर मशीनसमोर कधी गायले नाहीत, आवाज डब्यात घालायचा नसतो म्हणायचे. पण एका जत्रेत कोणा शाळामास्तरनं पिशवीत मशीन लपवून त्यांचं एक भजन भरून घेतलं होतं, त्यांना नकळत. ते गेल्यावर त्यानं ती कॅसेट तुला आणून दिली. जगात मास्तरांचा आवाज उरला तो तेवढाच. एका बाजूवर, एक भजन.

किती वेळा तुला म्हटलं, आक्का, सूकच्या बाजारात इब्राहिमभाईचं कॅसेटचं दुकान आहे, मी स्वतः समोर उभी राहून तिची दुसरी प्रत काढून आणते. तू ऐकायचीच नाहीस. "घराबाहेर नाही जाणार ती. रस्त्यात पडली, दुकानात बदलली, मग? घरात आहे तोवर सुखरूप आहे." मी चिडून म्हणायची, "मी काय परकी आहे?" तू म्हणायचीस, "तू परकी नाहीस गं, रस्ता परका आहे."

घरात सुखरूप आहे. ऐकतेयस ना?

आता सांगते. श्वास घेते आणि सांगते.

समूच्या मुलीचा बाप्तिस्मा होता, पुढच्या शुक्रवारी. पाहुणे येणार, घराला हात कोणी लावायचा? सून नर्स, तिच्या शिफ्ट. समूचा ओव्हरटाइम. त्याच्या आदल्या शुक्रवारी तुम्ही सगळे झल्लाकला गेलात, प्रार्थनेच्या लोकांची सहल होती समुद्रावर. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी आले नाही. चावी माझ्याकडं असायचीच. म्हटलं, आक्काला बरं वाटेल, घर चकाचक करून ठेवू. तुला ठाऊक आहे, माझी दिवाळी वर्षातून चार वेळा येते. पंखे पुसले, पडदे धुतले, ओटा घासला. मग तुझ्या पलंगाशेजारचं फडताळ. त्यात कॅसेटी. आणि जवळजवळ प्रत्येक कॅसेटवर मेण सांडलेलं. मला वाटलं, प्रार्थनेला मेणबत्त्या लावता, त्याचेच थेंब उडालेत. म्हटलं, बघा, एवढ्या जपून ठेवलेल्या वस्तू आणि त्यावर हा चिकटा! सुरीची उलटी बाजू घेतली आणि एकेक थेंब खरवडून काढला. गरम पाण्याच्या फडक्यानं पुसल्या. वर आणखी शहाणपणा, रंगाप्रमाणे लावून ठेवल्या. पांढऱ्या एकीकडं, काळ्या एकीकडं. लांब उभी राहून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दोन वर्षं मी तुझ्या हातून कॅसेट घेऊन मशीनमध्ये घालत होते. ते ठिपके माझ्या बोटांखालून शंभरदा गेले असतील. मला डोळे होते ना, म्हणून मी कधी हात लावून पाहिलं नाही.

संध्याकाळी तू आलीस, घरात पाऊल टाकलंस आणि म्हणालीस, "इंदे, फिनेल जास्त झालं गं." बस, एवढंच. आणि माझ्या हातावर हात ठेवलास.

तीन दिवसांनी, सोमवारी, तू म्हणालीस, आज ती भाकरीची चाल भरून ठेवू. मास्तरांचं ते गाणं मी तोवर ऐकलंही नव्हतं. वहीत शब्द होते, पण चाल फक्त तुझ्या डोक्यात. तू फडताळात हात घातलास, एक कॅसेट बोटांनी चाचपलीस, "ही रिकामी," म्हणालीस, आणि मला दिलीस. मी घातली. लाल बटण मीच दाबलं, आक्का. मीच. आणि ओळ सांगितली:

अर्धी भाकर झाकून ठेवली, येशील म्हणून तुझ्यासाठी.

तू उचललीस.

चूल निवाली, भाकर निवाली, बसून राहिले दाराशी.

तू उचललीस. काय गायलीस त्या दिवशी! मी सांगते, तशी तू त्या आधी गायली नव्हतीस आणि नंतर तर नाहीच. शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी बटण बंद करायला उशीर केला. तू म्हणालीस, "झालं ना? मग टेप काय तुझं नाक ओढणं भरून घेतेय?"

मग जून आला. मास्तर गेले त्या तारखेला तू दरवर्षी त्यांचं भजन ऐकायचीस. मी दुपारी खाली आले तेव्हा तू पलंगावर बसली होतीस, बाराच्या बारा कॅसेटी मांडीवर आणि पदरात पसरलेल्या. एकेक उचलत होतीस, अंगठा फिरवत होतीस, ठेवत होतीस. परत उचलत होतीस.

"इंदे, ठिपके कुठं गेले?"

"कसले ठिपके?"

"मेणाचे. एक ठिपका माझी गाणी. दोन म्हणजे शुक्रवारची प्रार्थना. तीन म्हणजे हे. ठिपका नाही ती रिकामी. मास्तरांनीच शिकवलेलं, मसाल्याच्या डब्यांना करायचो आम्ही." तुझा अंगठा अजून फिरतच होता. "सगळ्याच गुळगुळीत झाल्यात."

मी भिंतीला टेकले. आणि तेव्हा, आक्का, तूच मला वाट काढून दिलीस. म्हणालीस, "मध्ये दोन दिवस एसी बंद पडला होता. खिडकीपाशी ऊन येतं. बहारीनचं ऊन, मेण कसलं टिकतंय. वितळलं असेल, नाही?"

मी म्हटलं, "हो ना."

दोन शब्द. दोन वर्षं मी त्या दोन शब्दांच्या खाली दबून जगतेय.

मग आपण एकेक लावून पाहिली. तुला आठवतं? तू म्हणायचीस, "ही नाही. पुढची." पाच झाल्या, सहा झाल्या. मी मनातल्या मनात माझ्या गणपतीला, तुझ्या येशूला, खालच्या मशिदीतल्या अल्लाला, सगळ्यांना हात जोडत होते. आठवी लावली आणि माझाच आवाज आला: अर्धी भाकर झाकून ठेवली. तुला हसू आलं. "काय गं ही तुझी सानुनासिक बोली," म्हणालीस. गाणं चाललं, संपलं, माझं नाक ओढणं आलं, तुझं बोलणं आलं, खट्ट असा आवाज झाला. आणि त्यामागून एक पुरुषाचा आवाज, जाड, दमलेला, भजनाची शेवटची अर्धी ओळ म्हणत होता:

"...पाऊल तुझं ऐकू येतं."

टाळ्या. खोकला. मग, "पाणी द्या रे कुणीतरी."

मग नुसती खरखर.

तू हललीही नाहीस. मी तोंडात पदर कोंबला, पण हुंदका फुटलाच. तू हात लांब केलास, माझं डोकं सापडेपर्यंत हवेत शोधलंस, आणि कुरवाळत बसलीस. "रडू नको. अगं, शेवट तरी राहिला. पाणी मागितलेलं तरी राहिलं." मला समजावत होतीस! माझं सौभाग्य गेल्यासारखी मी रडत होते आणि ज्या बाईचं खरंच गेलं ती मला थोपटत होती.

त्यानंतर तू मशीनसमोर एकदाही गायली नाहीस. शुक्रवारी गायचीस, मी ओळ सांगायची, तू उचलायचीस, पण लाल बटण नाही. मी विचारलंही नाही.

मला एकच सांग. तुला कळलं होतं का? नाणं छापा आहे की काटा, तू नखानं सांगायचीस. कांदा कोणत्या सुरीनं चिरलाय ते वासावरून ओळखायचीस. वितळलेलं मेण पसरतं, बोटाला तेलकट लागतं. सुरीनं खरवडलं की ओरखडे राहतात. मी आता भिंग घेऊन बघितलं, आहेत ओरखडे, बाराही कॅसेटींवर नाहीत, पण त्या एकीवर आहेत, तीन. तीन ठिपके होते तिथं तीन. तुझ्या अंगठ्याला ते कळले नाहीत, हे मी कसं मानू? आणि कळले असतील तर उन्हाचं नाव तू का घेतलंस? मला वाचवायला? की मी काय म्हणते ते बघायला? तू वाट बघत होतीस का, आक्का? दोन वर्षं?

दवाखान्यातला तो दिवस मला झोपू देत नाही. किडनी खलास झालीय, डॉक्टरांनी समूला सांगितलं होतं. चारला भेटायची वेळ, मी चारला पोचले. तुझा हात हातात घेतला, सुयांनी निळाकाळा झालेला. ठरवून आले होते, आज सांगायचंच. तोंड उघडलं. तू डोळे मिटून म्हणालीस, "सांग. ओळ सांगायच्या आधी तू असाच श्वास घेतेस. काय सांगायचंय?"

मी म्हटलं, "काही नाही गं. जिने चढून आले ना."

तू म्हणालीस, "इथं लिफ्ट आहे, इंदे."

एवढं सगळं तू उघडून दिलंस. दार उघडलंस, फट ठेवलीस, श्वास धरून बसलीस माझ्यासाठी. आणि मी काय केलं? मी तुझी चादर सारखी केली. मोसंबं सोलू का विचारलं. दुसऱ्या दिवशी चारला मी पोचले तेव्हा पलंगावर नुसती गादी होती, गुंडाळलेली.

समू तुला विमानानं घेऊन गेला, राहुरीला, मास्तरांच्या शेजारी. जायच्या आधी कॅसेटींचा खोका आणि वही मला देऊन गेला. "काकू, तुम्हीच ठेवा. पोरगी इथं इंग्रजीत वाढणार, आमच्या घरी कोण ऐकणार?" त्याला तरी काय बोलणार मी? त्यालाही उन्हाचंच ठाऊक आहे.

परवा ती कॅसेट घेऊन सूकमध्ये गेले, इब्राहिमभाईकडं. दापोलीचा माणूस, मला बहीण मानतो. म्हटलं, भाई, वरचा आवाज काढून खालचा आवाज निघेल का? त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. "मफी, ताई, नाही निघणार. एकावर दुसरं भरलं की खालचं खलास." मग कॅसेट उलटी केली, मागच्या कडेवर बोट ठेवलं. "ही दोन बारीक पानं दिसतात काय गो? ही मोडून टाकायची असतात. मग कोणी कितीही बटण दाबलं तरी भरलं जात नाही. नखानं मोडतात. आंधळ्याला पण जमेल."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! मी तिथंच स्टुलावर बसले. त्यानं पाणी आणून दिलं.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? ते वरचं पुसलं जावं असं मला म्हणताही येत नाही. तिथं तू आहेस. ती भाकरीची चाल दुसरीकडं कुठंच नाही. तुला ठेवायचं तर मास्तर जातात, मास्तरांना मागावं तर तू जातेस. मी दोघांच्या मध्ये उभी आहे, आणि मला तर साधा सा लावता येत नाही.

घरी येऊन मी ती दोन्ही पानं मोडली. खरंच नखानं मोडली. तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे, इथं ओट्यावर पडलेत.

आता ही कॅसेट लावलीय. माझा आवाज, तुझा आवाज. मी सांगते, तू उचलतेस. मी सांगते, तू उचलतेस. मग खट्ट. मास्तर पाणी मागतायत. तुमच्यात मेलेल्याला पाणी देत नाहीत, तरी मी भांडं भरून मशीनशेजारी ठेवलंय. रागावू नकोस. अकरा दिवस मला दुसरं काही सुचलेलं नाही.

खालच्या घराला कुलूप आहे. डक्टमधून नुसता कोणाच्या तरी एसीचा आवाज येतोय. मी खिडकीत डोकं घातलंय, पहिल्या दिवशी घातलं होतं तसं. श्वास घेतलाय. लिहिते आहे तेच मोठ्यानं म्हणते आहे, भराभर, तू शिकवलंस तसं.

आक्का, ऊन नव्हतं. मेण मी खरवडलं.

ओळ सांगितलीय. उचल.